मीठवखारीचा नकाशा

॥ एकवीरा आई प्रसन्न ॥
बंदर आळी, कल्याण
सोमवार, ५ ऑक्टोबर १९८७

पमे,

तुला ऑफिसात सगळे प्रमोदिनीबाई म्हणत असतील, पण मी काही म्हणणार नाही. दुसरीपासून सातवीपर्यंत एका बाकावर बसलेल्या बाईला बाई म्हणायला जीभ वळत नाही.

तुझी सुट्टी रविवारी आणि माझा धंदा रविवारी. त्यामुळे कल्याण-ठाणे हाकेच्या अंतरावर असून आपली भेट कोणाच्या तरी लग्नातच होते. सोमवारी लोक मासळी खात नाहीत, म्हणून सोमवार माझा आणि म्हणून हे पत्र.

खाडीकाठची मीठवखार तुला आठवतच असेल. शाळा बुडवून आपण तिच्या ओट्यावर चिंचा खायचो. पूर्वी मिठागरांचं मीठ तिथे उतरायचं. मीठ गेलं आणि आम्ही आलो. आज आम्ही बावीस जणी तिथे सुकी मासळी विकतो. माझा ओटा म्हणजे सासूबाईंचा ओटा. नाथाच्या होडीला हल्ली खाडीत फारसं काही लागत नाही, घर त्या ओट्यावर चालतं. जाड दगडी भिंती, वर उंच झरोके. भर पावसाळ्यात आमचा बोंबील तिथे कडक राहतो. आगोटीला, म्हणजे पावसाळ्याची बेगमी करायला, पार मुरबाडपासून लोक येतात ते त्याच्यासाठीच.

आता बातमी. वखारीच्या ट्रस्टने ती पाडायची ठरवलंय. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दारावर नोटीस आणि निळ्या रेघांचा नकाशा लागलेला. तीन मजली शॉपिंग सेंटर होणार. तळमजल्यावर कापड, भांडी आणि टीव्हीची दुकानं. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, मागच्या अंगाला. सुक्या जवळ्यासाठी दोन जिने कोण चढेल गं? आणि बांधून होईपर्यंत दोन वर्षं आम्ही कुठे बसायचं, ते नोटिशीत नाही. ट्रस्टचे मुख्य महिपतशेठ, वखारीसमोर त्यांचं नारळ-मसाल्याचं दुकान आहे. ते म्हणतात, छप्पर गळतंय, दुरुस्तीला ट्रस्टकडे दमडी नाही, नवीन गाळ्यांचं भाडं तरी येईल. माणूस खोटं बोलत नाही, हीच पंचाईत आहे.

नकाशा एकच दिवस दिसला. दुसऱ्या दिवशी दारावर नुसत्या टाचण्या होत्या, वाऱ्याने उडाला असेल. तू नकाशे काढतेस, वागळे इस्टेटमधल्या तुझ्या ऑफिसात असली कामं येत असतील. हे कोणाचं काम आहे, जरा चौकशी कर. मासळी दुसऱ्या मजल्यावर चढवणारा माणूस मला एकदा बघायचाय.

तुझी
रतन


नौपाडा, ठाणे
रविवार, २५ ऑक्टोबर १९८७

प्रिय रतन,

तुझं पत्र पोचून पंधरा दिवस होऊन गेले. उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. सासूबाईंचं गुडघ्याचं दुखणं, मुलाची सहामाही आणि ऑफिसात कामाचा ढीग.

तू विचारलंस ते कळणं कठीण आहे. ठाण्यात नकाशे काढणारी कितीतरी ऑफिसं आहेत आणि ड्राफ्ट्समनला बरेचदा जागा कुठली तेही ठाऊक नसतं. साहेब कच्चा आराखडा देतात, आम्ही रेघा मारतो.

एक सांगू का? इतकं मनाला लावून घेऊ नकोस. बावीस बायका तिथे सकाळपासून बसता, आणि एक संडास नाही, पाण्याचा नळ नाही. नव्या इमारतीत ते मिळेल. दुसरा मजला गैरसोयीचा आहे खरा, पण लोकांना हळूहळू सवय होते. पूर्वी आमच्याकडे गॅस नको म्हणणारे आता चूल नको म्हणतात.

माझं म्हणशील तर, हेड ड्राफ्ट्समनची जागा रिकामी होतेय. एक मोठं काम नीट पार पडलं तर ती मला द्यायची असं साहेबांच्या मनात आहे. बाईमाणसाला ही खुर्ची आमच्या ऑफिसात आजवर मिळालेली नाही. देवाला हात जोड माझ्यासाठी.

नाथाभावजींना नमस्कार.

तुझी
प्रमोदिनी


बंदर आळी, कल्याण
सोमवार, १८ जानेवारी १९८८

पमे,

तुझ्या खुर्चीसाठी एकवीरेला नारळ बोललेय. तो मीच फोडणार, तू फक्त पेढे आण.

आमची बातमी आता ऐक आणि शाबासकी दे. आम्ही बसून राहिलो नाही. मालूने डोकं चालवलं. माझ्या शेजारचा ओटा तिचा, बोलण्यात तिला कोणी हरवत नाही. ती म्हणाली, शेठला वखार म्हातारी दिसते म्हणून पाडायचीय ना, मग तिला तरणी करून दाखवू. बावीस घरांतून वर्गणी निघाली. आतून-बाहेरून जुना पोपडे धरलेला गिलावा खरवडून काढला, सिमेंटचा नवा चढवला आणि त्याच्यावर होडीचा तेलरंग मारला. निळा, खाली लाल पट्टा. पायाला हातभर डांबर. दरवर्षी होड्या रंगवणारे आमचे पुरुष, त्यांना भिंत काय जड? संक्रांतीच्या आधी काम पुरं. होडीत जसा पाण्याचा थेंब शिरत नाही, तसा आता भिंतीतही शिरणार नाही.

काय दिसतेय वखार! पाण्यात ढकलली तर वसईपर्यंत जाईल. महिपतशेठ चारदा येऊन बघून गेले. मला वाटतं, विरघळतायत.

तू एकदा येऊन बघ. आणि नकाशाची काही खबर लागली का, ते लिही. तीन महिन्यांत तुझं एक ओळीचं कार्ड नाही.

रतन


(पोस्टकार्ड)
कल्याण, ९ मे १९८८

पमे, हात दाखवून अवलक्षण झालं. सिमेंट फुगलंय, रंगाचे फोड आलेत, फोड फोडला की आतून खारट पाणी. भिंत रडतेय असं सासूबाई म्हणतात. आगोटीसाठी भरलेल्या बोंबलावर बुरशी धरली, निम्मा माल खाडीत ओतला. तीस वर्षांत असं झालं नव्हतं. महिपतशेठ म्हणतात, आता तुम्हीच बघा, इमारत संपली. पाऊस संपला की पाडायला घेणार. मला काही सुचत नाहीये. तू आहेस ना तिथे? रतन


नौपाडा, ठाणे
गुरुवार, १२ मे १९८८

प्रिय रतन,

तुझं कार्ड काल दुपारी मिळालं. आज रजा टाकून घरी बसलेय आणि हे चौथ्यांदा लिहायला घेतलंय. आधीचे तीन कागद फाडले.

तो नकाशा मी काढला आहे.

दुसऱ्या मजल्यावरचे बावीस गाळे माझ्या हाताने आखलेत. कामाच्या कागदावर ‘बंदर आळी’ वाचलं तेव्हाच मला कळलं होतं की ही आपली वखार. मी साहेबांना काही बोलले नाही. मनाला समजावलं की मी नाही काढला तर दुसरा कोणीतरी काढेल. आणि ज्या मोठ्या कामावर माझी खुर्ची अवलंबून आहे असं मी तुला लिहिलं, ते हेच काम. तू देवीला नारळ बोललीस तो या कामासाठी. ऑक्टोबरात तुझं पत्र आलं तेव्हा सांगायला हवं होतं. त्याऐवजी मी तुला नळ आणि संडास सांगत बसले. चोराच्या मनात चांदणं, म्हणून पुढे पत्रच लिहीनाशी झाले.

याहून वाईट पुढेच आहे. जानेवारीत तुम्ही सिमेंट आणि तेलरंग लावलात हे वाचलं तेव्हाच मी चपापले होते. मिठाने मुरलेल्या दगडाला चुनाच लागतो, हे मी शिकले आहे. दगडातली ओल चुन्यातून बाहेर पडून वाळते. होडीत बाहेरचं पाणी आत येऊ द्यायचं नसतं, भिंतीतलं आतलं पाणी बाहेर जाऊ द्यायचं असतं. तुम्ही वाटच बंद केलीत. त्याच दिवशी चार ओळी लिहिल्या असत्या तर तुमचा माल वाचला असता. पण लिहायचं म्हटलं की नकाशाचंही लिहावं लागलं असतं. माझ्या लाजेपायी तुमचे बोंबील गेले, रतन.

सगळं खरवडून काढा, लगेच. जुन्या पद्धतीचा चुना करणारं कोणी मिळतं का बघा, बाजारातल्या पिशवीतला नव्हे. आणि तू बोलावलंस तर मी या रविवारी येते. नाही बोलावलंस तरी समजेन.

प्रमोदिनी


बंदर आळी, कल्याण
सोमवार, १६ मे १९८८

पमे,

शनिवारी पत्र मिळालं. काल तुला बोलावलं नाही कारण काल मी बोलायच्या लायकीची नव्हते. राग आला. मालाचा जास्त, नकाशाचा कमी. नकाशा पोटासाठी काढलास, ते मला कळतं, मीही पोटासाठीच बसते. पण चार ओळींना कंजूषपणा केलास. एवढं लिहून टाकते आणि विषय संपवते. मनात ठेवलं की कुजतं, बोंबलासारखं.

चुनेवाला मिळाला. बाहेर शोधावं लागलं नाही, घरचाच निघाला. दामाजीकाका, माझे चुलत सासरे. त्यांचा बाप खाडीकाठी शिंपल्यांची भट्टी लावायचा, अर्ध्या कल्याणच्या जुन्या घरांना त्यांचा चुना आहे. सिमेंट आलं आणि भट्टी विझली. काका गेली वीस वर्षं मानपाड्याच्या एका कारखान्यात वॉचमन आहेत. निरोप पाठवल्यावर ड्युटीवरून तसेच खाकीत आले. भिंतीवर हात फिरवला आणि म्हणाले, “अगो, तिचा तोंड दाबलाव तुमी. ती घाम कुठून टाकंल?” तू दीड पान लिहिलंस ते त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं.

पण चुना करायचा तरी कशाला? पाडायचीच असेल तर भिंतीला औषध देऊन काय उपयोग? शेठला आधी थांबवलं पाहिजे आणि ते आमच्या रडण्याने थांबणार नाहीत, ते व्यापारी आहेत. तुला आकड्यांतलं कळतं. या रविवारी ये. टेप आण, डोकं आण, तोंड पाडून येऊ नकोस. सोड्यांची, सुक्या कोलंबीची, खिचडी करते, तुम्हा कायस्थांना दुसरं काय लागतं.

रतन


नौपाडा, ठाणे
रविवार, १२ जून १९८८

प्रिय रतन,

आज पहिला रविवार मी तुझ्या दारात बसले नाही, तर करमत नाहीये. तीन रविवारांत हातांना जो वास लागलाय तो जात नाही. आमच्या सासूबाईंनी मला वेगळा साबण दिला आहे.

तुला सविस्तर लिहायचं कारण, शुक्रवारी मी महिपतशेठकडे एकटीच जाऊन आले. तुम्ही कोणी असता तर भांडण झालं असतं. मालू तर नक्कीच भांडली असती.

आपण मोजलेल्या शिंपल्यांच्या दोन्ही पाट्या घेऊन गेले. त्यांना आधी सांगितलं की शिंपले मासळीवालीच्या उकिरड्यावरचे आहेत, धुतलेले आहेत. माळकरी माणूस, दोन पावलं मागेच उभे राहिले. मग समजावलं. वखारीत शिरणाऱ्या दर गिऱ्हाइकामागे मी पहिल्या पाटीत एक शिंपला टाकत होते. आळीच्या तोंडाशी मालू बसलेली. बाहेर पडणाऱ्याच्या पिशवीत मासळीखेरीज दुसरं काही दिसलं, नारळ, मसाला, मडकं, तेल, तर ती दुसऱ्या पाटीत एक टाकत होती. आगोटीच्या शेवटच्या रविवारी पहिल्या पाटीत नऊशे बारा आणि दुसऱ्या पाटीत सहाशे चाळीस.

शेठ पुढे होऊन दुसऱ्या पाटीत डोकावले. म्हणाले, “ही सगळी माझी गिऱ्हाइकं?”

“निम्मी तरी तुमची, शेठ. बाकीची शेजाऱ्यांची. पण आधी ती सगळी पहिल्या पाटीतली आहेत.”

मग मी विचारलं की वखार दोन वर्षं पाडून ठेवलीत तर पहिली पाटी कुठे जाईल. सोमवारी त्यांच्या दुकानात काय शांतता असते ते त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. तेव्हा मी नवा नकाशा उलगडला. वखार आहे तिथेच, तुम्ही बावीस जणी आहात तिथेच. मागच्या पडीक अंगणात एकमजली नऊ गाळे, ट्रस्टला भाडं मिळावं म्हणून. कोपऱ्यात नळ आणि दोन संडास. ते मी तुला उगाच सांगितलं होतं, म्हणून आता खरोखर काढले.

त्यांची अट अशी. या पावसाळ्यानंतर तुम्ही तुमच्या चुन्याने भिंती करायच्या. पुढच्या पावसाळ्यात आतला माल कोरडा राहिला तर वखार राहील आणि मागचे गाळे बांधायला घेतील. ओल आली तर पाडणार, आणि मग कोणी अडवायचं नाही. मी तुमच्या वतीने हो म्हणाले. चुकले असेन तर आताच सांग.

साहेबांनाही हा नकाशा दाखवला होता. म्हणाले, “हे काम आपल्याला कोणी दिलंय?” खुर्ची शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांना मिळाली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण झोप लागतेय.

तुझी
प्रमोदिनी


बंदर आळी, कल्याण
सोमवार, २८ नोव्हेंबर १९८८

पमे,

जूनमध्ये तुझं खुर्चीचं वाचून मला दोन दिवस जेवण गेलं नाही. आणि तू म्हणतेस झोप लागतेय. नारळ मात्र मी फोडला. देवी काय द्यायचं ते बघून देते.

भट्टी पेटली. दामाजीकाकांनी कारखान्याची नोकरी सोडली. मी नको म्हणत होते, पगार बरा होता. ते म्हणाले, “वीस वरसं दुसऱ्याचा दरवाजा राखला, आता आपला राखतो.” हाताखाली चार जण घेतलेत. त्यातले दोन बंद पडलेल्या कारखान्यातून घरी बसलेले. शिंपल्यांना तोटा नाही, शिवल्या आणि कालवं खाऊन आळीने पन्नास वर्षं जो ढीग रचलाय तो महापालिकेला उचलता आला नव्हता, तो आता पाटीपाटीने भट्टीत जातोय. आणि ऐक, तुझ्या त्या दोन पाट्यासुद्धा मी भट्टीतच ओतल्या. पश्चिमेची भिंत नऊशे बारा गिऱ्हाइकांची आहे असं मालू सगळ्यांना सांगत असते.

जळलेले शिंपले पाण्यात टाकले की चूं करून फुलतात. मग तो चुना महिनाभर खड्ड्यात मुरवायचा, चुन्याच्या घाणीत, म्हणजे बैलाने ओढायच्या दगडी चाकाखाली, दळायचा, गुळाचं पाणी घालायचं. काका घाई करू देत नाहीत. आमच्या पुरुषांनी दोन दिवसांत रंग मारलेला, यांना एक भिंत करायला तीन आठवडे लागले. छपराची कौलंही परतून घेतली.

बायका मला विचारतात, पुढच्या पावसात ओल आली तर? मी म्हणते, नाही येणार. घरी आल्यावर मात्र वाटतं, सासूबाईंचा ओटा माझ्या हातून गेला तर मी त्यांना काय तोंड दाखवू? तेव्हाच निरोप धाडला होता तसं, तू हो म्हणालीस ते बरोबरच होतं, मीही तेच म्हणाले असते. पण भीती वाटते, एवढंच.

रतन


बंदर आळी, कल्याण
सोमवार, २१ ऑगस्ट १९८९

पमे,

तुला नारळी पौर्णिमेला बोलावलेलं, आली नाहीस. मुलाला ताप होता हे कळलं, माफ केलं. आता सगळं तपशीलवार वाच.

ओल बघायची कशी, यावरून आधी वाद झाला. शेठचे एक ट्रस्टी म्हणाले, मुंबईहून यंत्र आणू. मी म्हटलं, यंत्र कशाला? सासूबाईंच्या वेळेपासून आमची रीत आहे, नारळी पौर्णिमेला आगोटीतला उरलेला बोंबील हातात धरून मोडायचा. कट्ट वाजला तर माल कोरडा, नुसता वाकला तर फेकायचा. शेठना ते पटलं. पण माळकरी माणूस, बोंबलाला हात कसा लावणार? म्हणून ठरलं की त्यांनी मोडायचा नाही, फक्त ऐकायचा.

सकाळी नऊ वाजता आले. नाकावर उपरणं. बाहेर पाऊस धो धो. सगळ्या बावीस जणी आपापल्या ओट्यावर उभ्या, दामाजीकाका भिंतीला टेकून, डोळे मिटलेले. शेठ म्हणाले, पश्चिमेच्या भिंतीलगतची टोपली काढा. सगळ्यात जास्त पाऊस तीच भिंत खाते. मी टोपलीच्या तळातला बोंबील काढला. मालूने माझं मनगट धरलं.

मोडला. आवाज दारापर्यंत गेला.

शेठ म्हणाले, “आणखी एक.” तोही वाजला. मग त्यांनी स्वतः टोपल्या दाखवायला सुरुवात केली, ही, ती, ती कोपऱ्यातली. सतरा बोंबील मोडले आम्ही. शेवटी उपरणं खाली घेऊन म्हणाले, “बास करा, माझ्या कानात बसला आवाज.” आणि भिंतीला हात लावून पाया पडतात तसा कपाळाला लावला. मिठाच्या वेळी त्यांचे वडील याच वखारीत मुनीम होते, ते त्यांनी तेव्हा सांगितलं. इतकी वर्षं समोर बसून कधी बोलले नव्हते.

दामाजीकाकांनी डोळे उघडले आणि विचारलं, “चाय हाय का?”

मी रडले. सगळ्यांसमोर रडले आणि मला काही वाटलं नाही. ओटा राहिला, पमे.

रतन


नौपाडा, ठाणे
रविवार, २२ मार्च १९९२

प्रिय रतन,

हा कागद नीट बघ. वर माझं नाव छापलंय. गुढीपाडव्यापासून मी नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू करतेय. ऑफिस म्हणजे आमची गॅलरी, त्यात एक टेबल आणि एक उंच स्टूल. जुन्या इमारतींची मापं घ्यायची, त्यांना काय झालंय ते बघायचं आणि त्या वापरात कशा राहतील याचे नकाशे काढायचे. तीन कामं आजच हातात आहेत. ठाण्यातला एक जुना दवाखाना, एक बंगला आणि शहाडकडची एक धर्मशाळा. तिघांनाही दामाजीकाकांचा चुना हवा आहे. काकांना सांग, भट्टी दुप्पट करा. गंमत म्हणजे धर्मशाळेचं काम आमच्या साहेबांनीच माझ्याकडे धाडलं. म्हणाले, हे तुमच्या पठडीतलं.

गेल्या महिन्यात वखारीत आले होते तेव्हा तू गिऱ्हाइकांत होतीस, म्हणून मी आळीत एक फेरी मारली. मागचे नऊ गाळे भरलेत. खानावळ निघाली आहे, पाट्या-टोपल्या विणणारे दोघे बसतात, मसाला कांडायची गिरणी आली आहे. महिपतशेठ मला बघून दुकानातून उठून बाहेर आले. म्हणाले, सोमवारीसुद्धा लोक येतात आता, नुसती वखार बघायला येतात आणि नारळ घेऊन जातात.

एक गोष्ट मात्र चार वर्षं मनात आहे. मी तुला नकाशाचं कबूल केलं तेव्हा तू इतकी कमी कशी रागावलीस? मालावरून रागावलीस, ते बरोबर होतं. पण नकाशावरून तू दोन वाक्यांतच सोडून दिलंस. तुझ्या जागी मी असते तर नसतं सोडलं. तू मन मोठं केलंस की मनातलं सांगितलंच नाहीस, हे मला कधी कळलं नाही. आता सांग.

तुझी
प्रमोदिनी


बंदर आळी, कल्याण
सोमवार, ११ मे १९९२

पमे,

आगोट चालू आहे, मान वर करायला फुरसत नाही, म्हणून उत्तराला उशीर. मालू उद्या ठाण्याला लेकीकडे येतेय, तिच्या हाती हे पत्र आणि सोड्यांचं पुडकं पाठवते. तुझ्या नव्या कामाच्या नावाने पहिला आहेर. सासूबाईंना सांग, वेगळा साबण तयार ठेवा.

सगळं बरं आहे. सुनेने ओट्यावर बसायला सुरुवात केली, बारावी झालेली आहे, मला वाटलेलं लाजेल. ती म्हणते, आई, कंपनीत लागले असते तर कंपनी बंद पडायची भीती, इथे कशाची? तेव्हा ओटा आता तिसऱ्या हाती जाईल. काकांकडे अकरा माणसं आहेत. ते खाकी शर्ट अजून घालतात, म्हणतात कापड चांगलं आहे.

आता तुझ्या प्रश्नाचं. मन मोठंबिठं काही केलं नाही.

पुडकं ज्या कागदात बांधलंय तो फाडू नकोस, हळू सोड आणि उलगडून बघ. निळ्या रेघा अजून दिसतात. तो दारावरून वाऱ्याने उडालेला नाही, मीच काढलेला, त्याच रात्री. नाव त्याच्यावर तुमच्या साहेबांचं आहे, पण गाळ्यांचे आकडे बघ. पोट फुगलेला चार. दुसरीत माझ्या पाटीवर गणितं कोण सोडवून द्यायचं? तो चार मी ओळखणार नाही होय?

म्हणजे पहिलं पत्र मी तुला विचारायला लिहिलंच नव्हतं. मला ठाऊक होतं. तू सांगशील म्हणून लिहिलेलं. तू नळ-संडासाचं लिहिलंस तेव्हा जो राग यायचा तो येऊन गेला, तीन महिने पुरला. तुझं खरं पत्र आलं तेव्हा नकाशाचा राग शिल्लकच नव्हता, होता तो बोंबलाचा. मी सासूबाईंना तुझं पत्र वाचून दाखवलं आणि म्हटलं, सात महिने लावले पण आली पोरगी.

कागद इतकी वर्षं ओट्याखालच्या पेटीत होता. आता मला त्याचं काम नाही. सोडे काढून घे. मागची बाजू कोरी आहे, उत्तर त्याच्यावरच लिही.

तुझी
रतन